पंधरा दिवसांचे खाखरे

माझी थोरली जाऊ उमरावबाई हिच्याशी मी तेवीस वर्षं भांडले. चुलीवरून, पाण्यावरून, लोणच्याच्या बरणीला ओला हात कोणी लावला यावरून. आम्ही राजस्थानातून आलेल्या ओसवाल जैनांच्या घरातल्या सुना. नंदुरबारच्या पेठेत आमचं मिरची-धान्याचं दुकान. स्थानकात, म्हणजे आमचे साधू उतरतात त्या धर्मस्थानात, महाराजसाहेबांसमोर आम्ही मारवाडी बोलायचो, पण भांडायला अहिराणीच लागायची. मारवाडीत प्रत्येक शब्दाला अदबीचं शेपूट लावत बसलं तर भांडण कसलं रंगतंय? मी तिला जिजी म्हणायची, ती मला दाखू.

जिजीला कधी कोणाच्या वकिलीची गरज पडली नाही, आणि मी ती करणारही नाही. पण एका पावसाळ्यात तिनं जे केलं त्याबद्दल गावात अजून अर्धंमुर्धं बोललं जातं, ते ऐकून माझं डोकं फिरतं. अर्धं बोलायचं तर बोलूच नये. म्हणून सगळं सांगते.

जिजी एकतिसाव्या वर्षी विधवा झाली तेव्हा तिच्या पदरात एकच मुलगा होता, माणकचंद. दुकानाचा कारभार माझ्या नवऱ्याकडे, सुमेरमलकडे आला. माणक अभ्यासात हुशार. धुळ्याला शिकला, मुंबईला शिकला, आणि देश स्वतंत्र झाल्यावर वर्षभरात इंग्लंडला इंजिनियरिंग शिकायला निघाला. आमच्यात असं कोणी परमुलखात निघालं की आधी स्थानकात जाऊन नियम घ्यायचा. माणक हात जोडून उभा राहिला. मांस नाही, अंडं नाही, दारू नाही, हे तर झालंच. मग आला जमीकंद. जमिनीखाली वाढतं ते सगळं वर्ज्य: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा.

त्या वर्षीचे महाराजसाहेब म्हातारे होते, समजूतदार होते. त्यांनी विचारलं, "आगार ठेवायची का? परका मुलूख आहे, थंडी आहे. आजारपणाची आगार ठेवून देतो." आगार म्हणजे सूट. नियम घेतानाच अशी सूट मागून ठेवली, तर वेळ आल्यावर नियम मोडल्याचा दोष लागत नाही. शहाणी माणसं ठेवतात.

माणकनं तोंड उघडायच्या आत बायकांच्या बाजूनं जिजी उठून उभी राहिली आणि मारवाडी विसरून अहिराणीतच म्हणाली, "आगार कसाले? मन्हा आंडोर कोरा नियम पाळी."

पोरगा बिनसुटीचा नियम पाळणार म्हणे! सगळ्या माना वळल्या. पुरुषांनी माना डोलावल्या, बायकांनी 'धन्य' म्हटलं. मी तिची ओढणी खाली ओढत होते, पण खरं सांगायचं तर मला हेवाच वाटत होता. महाराजसाहेबांनी माणककडे पाहिलं. मग त्यांनी सूट न ठेवता नियम दिला. जिजी त्या दिवशी घरी आली ती जमिनीला पाय न लागता.

पुढच्या वर्षी आषाढात पत्र आलं. माणकचं नाही, करणसिंगचं. करणसिंग म्हणजे सारंगखेड्याच्या गिरासे घराण्यातला मुलगा, माणकच्याच कॉलेजात शिकणारा. जिजीला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र मी वाचत होते. त्यानं लिहिलं होतं: माणकला छातीचा रोग झाला आहे. दोन महिने झाले, लंडनबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, औषधापेक्षा विश्रांती आणि भरपूर खाणं हाच इलाज. पण माणक दूध आणि थोड्या वाटाण्याशिवाय काही घेत नाही. लढाई संपून चार वर्षं झाली तरी इथं खाणं अजून मापानं मिळतं. पोटभर मिळतो तो बटाटा. तो रोज ताटात असतो, नाहीतर गाजर, नाहीतर कांद्याचं सार, आणि माणक रोज ते बाजूला सारतो. वजन उतरतच चाललं आहे. मी खूप समजावलं. तो एकच म्हणतो, आईनं आगार ठेवू दिली नाही.

हे शेवटचं वाक्य मी वाचायच्या आधी थांबले. गाळता आलं असतं. मी गाळलं नाही. त्याचं मला कधी वाईट वाटतं, कधी वाटत नाही.

जिजी भिंतीला टेकून बसली होती. मग उठली आणि कोठीतून गव्हाचा डबा काढला.

"काय करस जिजी?"

"गहू निवडस. माले जानं शे."

"कुठे?"

"पोरगाकडे. दुसरं कोठे?"

संध्याकाळी माझा नवरा दुकानातून आला तेव्हा घरात गव्हाच्या दोन राशी होत्या आणि जिजी मधे बसली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही माझा नवरा, पण बिचकतो फार. तो म्हणाला, "भाभी, आपण पार्सल पाठवू. बोटीनं जाईल."

"बोट कितला दिन लेस?"

"वीसेक दिवस."

"आनी खाखरा कितला दिनना?"

माझ्या नवऱ्यानं पार्सलचा विषय सोडला. हे बाहेरच्यांना सांगायला हवं. खाखरा म्हणजे तव्यावर दाबून दाबून कडक भाजलेली पातळ पोळी. महिनाभर कुरकुरीत राहते, पण आमच्यात खाण्याच्या पदार्थाला काळ असतो. दळलेलं पीठ, खाखरा, मिठाई, यांना हिवाळ्यात महिना, उन्हाळ्यात वीस दिवस, आणि पावसाळ्यात फक्त पंधरा. त्यानंतर त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव पडतात. मग वस्तू कितीही चांगली दिसो, तोंडात घालायची नाही. तिकडच्या पिठाचं तर नावच नको, ते कधी दळलेलं कोणाला ठाऊक! जो मुलगा आजारात बटाटा खात नव्हता, तो वीस दिवसांचा खाखरा खाणार नव्हता.

"मंग बोटनं कसं जमी?" जिजी म्हणाली.

"मग काय विमानानं जाणार?" माझा नवरा हसला.

ती हसली नाही. त्यानं हसणं मधेच सोडलं.

आमच्या घरातल्या कोणीही तोवर विमान जवळून पाहिलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत वरून जायचं तेव्हा पोरं ओरडत अंगणात धावायची, तेवढंच. पण जिजीनं माहेरचा सोन्याचा कंदोरा, म्हणजे कंबरपट्टा, काढून माझ्या नवऱ्याच्या गादीवर ठेवला आणि पुन्हा गहू निवडायला बसली. तिकिटाचं बोलणं तिथंच संपलं.

घरातलं संपलं, गावातलं सुरू झालं. मगनसेठ हे आमच्या जैन संघाचे पुढारी. चार जणांना घेऊन आले. चातुर्मासात साधू गाव सोडत नाहीत आणि विधवा बाईनं समुद्र ओलांडायचा? तोही एकटीनं? मगनसेठ फार गोड बोलतात. म्हणाले, "बाई, मुलगा नियमासाठी देह झिजवतोय. केवढं पुण्य आहे! त्याच्या तपात तुम्ही विघ्न आणू नका."

जिजी दाराआडून बोलायची, पण त्या दिवशी बाहेर आली. "शेठजी, तुम्हना आंडोर धाडा तठे दवाखानामा. मंग माले पुण्य सांगा."

मगनसेठ चहा न घेताच गेले. मी तिला खूप बोलले. संघाशी वाकडं घेऊन माझ्या मुलींची लग्नं कशी व्हायची होती? ती म्हणाली, "व्हतीन. तुन्ह्या आंडेरी देखन्या शेतस." यावर कोणी काय भांडणार?

धुळ्याला पासपोर्टच्या फोटोसाठी नेली. फोटोवाला ओशाळून म्हणाला, तोंड दिसायला हवं. लग्नानंतर परक्या पुरुषानं तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तिनं ओढणी कपाळाच्या वर सारली आणि भिंगाकडे असं पाहिलं की फोटोवाल्यानंच नजर खाली घातली. तो फोटो अजून आहे. त्यात ती फोटो काढून घेत नसून कोणाला तरी जाब विचारते आहे असं वाटतं.

विमानात एका माणसाला चव्वेचाळीस रतल, म्हणजे जेमतेम अर्धा मण, सामान नेता येतं, हे कळल्यावर जिजीनं गफूरला बोलावलं. गफूर पत्र्याचे डबे करायचा, आमच्या दुकानाचे सगळे डबे त्याच्याच हातचे. त्यानं तीन डबे आणले. जिजीनं रिकामा डबा हातात तोलला आणि परत दिला. जड आहे. त्यानं पातळ पत्र्याचे केले. तेही परत. तिसऱ्या खेपेला गफूर वैतागून म्हणाला, "भाभी, इससे पतला पत्रा नहीं होता, फिर कागज होता है." मग ते तिनं घेतले. तळाला डाग देताना गफूरनं आपणहून विचारलं, पोरगा कसा आहे. मी सांगितलं. त्यानं चारही कडांना दुसऱ्यांदा डाग दिला.

निघायच्या आदल्या दोन दिवसांत दळण आणि खाखरे. त्याआधी नाही, कारण दळण पडलं की पंधरा दिवस मोजायला सुरुवात. मेथीचे, जिऱ्याचे, मुगाच्या पिठाचे, आपल्या नंदुरबारी मिरचीचे. शिवाय गूळपापडी आणि भाजलेली डाळ. दवाखान्यात चूल कोण देणार, म्हणून शिजवायचं काही नाही, सगळं हातात घेऊन खायचं. मी ठरवलं होतं, मदत करायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची मनगटं सुजलेली दिसली आणि मी पोळपाट ओढला.

"पंधरा दिन खाई तो. सोळावा दिन काय खाई?" मी लाटता लाटता विचारलं.

"पंधरा दिन खाई तं आंगमा जीव ई."

"आनी मंग?"

"तू लाट. जाडा व्हई ऱ्हायनात तुन्हा खाखरा."

सोळाव्या दिवशी ताटात पुन्हा बटाटाच येणार होता. ते मला तेव्हाच कळलं, आणि तिला माझ्याआधी कळलेलं होतं.

सुरतेवरून मुंबईला तिला पोचवायला आम्ही दोघं नवरा-बायको गेलो. विमानतळावर आधी सामान तोलतात, मग माणूसही काट्यावर उभं करतात. दुकानाच्या तराजूवर मी स्वतः तोललं होतं: डबे चाळीस रतल, बाकी चार रतलात एक घोंगडी आणि जपाचं सामान. कपडे नाहीत. काट्यावरचा कारकून मराठी होता. त्यानं विचारलं, "बाई, कपडे कुठे आहेत तुमचे?"

"आंगवर," जिजी म्हणाली. तीन घाघरे एकावर एक घातले होते तिनं. श्रावणातल्या मुंबईच्या उकाड्यात. घामानं निथळत होती, पण मान ताठ.

कारकुनाच्या काट्यावर दोन रतल जास्त भरले. आमचा तराजू खोटा की त्याचा काटा खोटा, यावर माझा नवरा वाद घालायला लागला. धान्याच्या व्यापाऱ्याला तराजूवरून बोलू नये. कारकून म्हणाला, दोन रतल काढा, नाहीतर बाई इथंच राहतील. घोंगडी काढू का, मी विचारलं. "ती त्यानी शे," जिजी म्हणाली. तिनं एका डब्याचं झाकण उघडून वरची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. ते तिचे स्वतःचे खाखरे होते. प्रवासात आणि तिकडे तिनं खायचे.

"जिजी, तू काय खाशी?"

"माले काय व्हयेल शे? मी धडधाकट शे."

काटा बरोबर आला. ती जिन्यानं वर चढली, मागे वळून पाहिलं नाही. ती पुरचुंडी परतीच्या गाडीत माझ्या नवऱ्यानं खाल्ली. मी एक घास घेतला नाही आणि सुरतेपर्यंत त्याच्याशी बोललेही नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण जिजीनं सांगितलेलं आहे, आणि जिजी खोटं बोलायची ती फक्त लोणच्याच्या बरणीबाबत. विमानात एक मुलगी ताट घेऊन आली, हिनं परत पाठवलं. दूध आणि केळं तेवढं घेतलं. आमच्यात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. विमान पश्चिमेला चाललेलं, त्यामुळे दिवस संपायलाच तयार नव्हता. सूर्य खिडकीत ठाण मांडून बसलेला. नंदुरबारला एव्हाना दिवेलागण झाली असेल हे तिला पोटात कळत होतं, पण नियम सूर्याचा आहे, पोटाचा नाही, असं म्हणून तिनं आणखी एक केळं मागून घेतलं. हे ती फार खुशीत सांगायची.

लंडनला जकातीच्या माणसानं डबे उघडायला लावले. करणसिंग न्यायला आला होता, त्यानं समजावून सांगितलं. साहेबानं मिरचीच्या खाखऱ्याचा कोपरा मोडून तोंडात घातला, खोकला, डोळ्यांत पाणी आणलं आणि डबे सोडून दिले. "मन्हा एक खाखरा फुकट गया," हे जिजीचं इंग्लंडबद्दलचं पहिलं मत.

दळणापासून सहाव्या दिवशी ती माणकच्या खाटेपाशी उभी राहिली. तो ओळखू येत नव्हता, म्हणाली. कान तेवढे ओळखीचे. त्यानं तिला पाहिलं, मग डबे पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला, "माय, कोणत्या दिवशी दळलं?" तिनं तिथी सांगितली. त्यानं बोटांवर मोजली आणि मग खाल्लं. ती म्हणाली, तिला तेव्हा कौतुक वाटायला हवं होतं. तिला त्या मोजणाऱ्या बोटांचा राग आला.

आणखी नऊ दिवस तो खात होता. दुधात बुडवून, तुपाशिवाय, पण खात होता. नर्सनं आठवड्याच्या वजनासाठी काट्यावर उभं केलं तेव्हा दोन रतल वाढला होता. पंधराव्या दिवशी संध्याकाळी डब्यात सात खाखरे उरले. तिनं ते बागेत नेऊन पाखरांना घातले. परतीचं विमान पाच दिवसांनी होतं. त्याच दिवशी तिनं करणसिंगला डॉक्टरकडे नेलं आणि विचारायला लावलं, अजून किती दिवस. डॉक्टर म्हणाले, खाल्लं तर आठ महिने. खाल्लं नाही तर इतके लागणार नाहीत. करणसिंगला हे भाषांतर करायला वेळ लागला. पण तिला त्याच्या चेहऱ्यावरून आधीच कळलं होतं.

सोळाव्या दिवशी दुपारी ताट आलं. त्यात मांस होतं ते नर्सनं आधीच काढलेलं. उकडलेले चार बटाटे आणि हिरवा वाटाणा. माणकनं बटाटे एका कडेला सारले आणि त्यांना न लागलेला वाटाणा काट्यानं एकेक वेचू लागला. जिजी समोर बसून बघत होती. किती वाटाणे खाल्ले ते तिनं मोजलं. अकरा.

मग तिनं हात पुढे केला, ताटातला एक बटाटा उचलला आणि खाल्ला. जिनं जन्मात जमीकंदाला जीभ लावली नव्हती, जिच्या स्वयंपाकघरात कांद्याचा वासही आला तर ती आंघोळ करायची, तिनं. अख्खा खाल्ला.

"माय!" माणक उठून बसला.

"आगार मी नको सांगेल व्हती," ती म्हणाली. "दुन्यामा मोठी दिसाले पाहिजे व्हतं माले. आते मीच देस. खाय."

"नियम महाराजसाहेबांचा आहे. तुला सोडवता येत नाही."

"महाराजसाहेब आठे नई शेतस. मी शे. पाप जे व्हई ते मन्हं. तू खाय."

त्यानं खाल्लं नाही. तोंड भिंतीकडे वळवून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा त्याच्या समोर बसून बटाटा खाल्ला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "माय, तू माझ्यासाठी नरकात चाललीस." ती म्हणाली, "जासू. पन तू पोट भरीसन ऱ्हाय." तो रडला, पण घास घेतला नाही. आणि पाचव्या दिवशी तिला निघावं लागलं. तीन रिकामे डबे घेऊन ती परत आली, आणि मुलगा खाईल की नाही हे तिला माहीत नव्हतं.

स्टेशनवरून घरी येईपर्यंत तिनं आम्हाला सगळं सांगून टाकलं. माझा नवरा घामाघूम. "भाभी, बटाट्याचं कोणाला सांगू नका. इंग्लंडातलं इथं कोणाला कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, व्याख्यान सुरू असताना, ती भर स्थानकात उभी राहिली आणि सांगितलं. मी शेजारी होते. या वेळी मी तिची ओढणी ओढली नाही.

या वेळचे महाराजसाहेब वेगळे होते, तरुण, कडक. त्यांनी शांतपणे ऐकलं. प्रायश्चित्त सांगितलं: तीन दिवस जेवण नाही, फक्त उकळलेलं पाणी. मग विचारलं, "केल्याचा पश्चात्ताप आहे ना?"

"उपास करसू," जिजी म्हणाली. "पस्तावा नई शे."

"पश्चात्ताप नसेल तर या उपवासाचा काही उपयोग नाही, बाई."

"नसू दे. तरी करसू."

त्या दिवसापासून आमच्या घरचं पाणी कोणी घेईना. माझ्या थोरलीला बघायला यायचे होते त्यांचा निरोप आला, सध्या नको. मी जिजीला तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेत होती. तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी सकाळी मी उपास सोडायला मुगाचं पाणी घेऊन गेले, तिनं मान हलवली. पाचव्या दिवशीही. मला वाटलं, महाराजसाहेबांना दाखवून द्यायला हट्ट करतेय. तो तिचा स्वभावच.

सहाव्या दिवशी गावाचा सूर बदलला. पर्युषण तोंडावर आलेलं, आणि आठ दिवसांचा उपास म्हणजे अठ्ठाई, आमच्यात फार मोठं तप. बातमी पसरली: उमरावबाईंनी अठ्ठाई मांडली! पश्चात्ताप झाला बाईला! ज्या बायकांनी आमच्या दाराकडे पाठ फिरवली होती त्या गाणी म्हणायला आल्या, तिचे पाय चेपायला आल्या. मगनसेठ स्वतः आले. नवव्या दिवशी पारण्याला वाजंत्री लावून मिरवणूक काढायची, त्यांनी ठरवून टाकलं. मुलाकडच्यांचाही निरोप आला, बघायला येतो. मी, खोटं कशाला बोलू, खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे सातव्या दिवशी, मी तिचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसत होते. ओठ फुटले होते तिचे. ती हळूच म्हणाली, "दाखू, टपाल ऊनं का?"

"नई."

"कालदी बी नई?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते फडकं माझ्या हातातच राहिलं. तेवीस वर्षं एका चुलीवर काढून मला सात दिवस कळलं नव्हतं. मी तिथंच बसून रडले. ती म्हणाली, "रडू नको. टपालवालाले देख."

आठव्या दिवशी दुपारी टपालवाला आला. निळं पत्र, करणसिंगचं अक्षर. घरात बायका भरलेल्या, अंगणात मगनसेठ वाजंत्रीवाल्याला उद्याची वेळ सांगत होते. मी पत्र जिजीच्या कानाशी वाचलं. तुम्ही गेलात त्या दिवशी त्यानं ताट परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर तो ताट मांडीवर घेऊन बसला होता. मला म्हणाला, मायनं मीठसुद्धा न लावता खाल्ला. मग त्यानं एक बटाटा खाल्ला. रडत खाल्ला, पण खाल्ला. आता रोज खातो. दुसऱ्यांदा मागून घेतो.

"फिरी वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

"मुगनं पानी लई ये."

मी तिच्याकडे पाहिलं. ऊन अजून अंगणात होतं. एक रात्र, फक्त एक रात्र, मग सकाळी पारणं, वाजंत्री, माझ्या मुलीचं लग्न, सगळं सरळ. मी म्हटलं, "जिजी, एक रात तं ऱ्हायनी. अठ्ठाई पुरी व्हई जाई."

"पानी लई ये, दाखू."

मी उठले आणि आणलं. बायकांनी एकच कालवा केला. मगनसेठ दारात आले. "उमरावबाई, काय करताय? सात दिवस निभावलेत! एका रात्रीसाठी तप मोडता?"

तिला धड बसता येत नव्हतं. मी पाठीला हात दिला. तिनं दोन्ही हातांनी वाटी धरली आणि सगळ्यांच्या देखत, थेंब न सांडता, पिऊन टाकली. मग तोंड पुसलं.

"कसानं तप, शेठजी?" ती म्हणाली. "मन्हा आंडोर जेवत नव्हता, म्हनीसन मी जेवत नव्हतू. आते तो जेवस."

तिनं रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

"आखो दे," ती म्हणाली.